सोलापुरात घोडे कुठायत असं विचारणाऱ्यांसाठी

सोलापूरला आले की हा प्रश्न ठरलेला. लग्नात, सात रस्त्याला, बँकेच्या रांगेत, कुणीही भेटू दे, "अजून घोड्यांचंच बघतीस का गं?" आणि लगेच पुढचं, "पण घोडे राहिलेत कुठं आता?" विचारणारे प्रेमानंच विचारतात, पण उत्तर मोठं आहे आणि उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकते.

घोडे कमी झालेत हे खरंय. २०१९ च्या पशुगणनेत अख्ख्या देशात घोडे आणि तट्टू मिळून साधारण ३.४ लाख निघाले, २०१२ पेक्षा जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी, आणि गाढवं तर ६१ टक्क्यांनी घटली. पण संपले वगैरे काही नाहीत. आपल्याच जिल्ह्यात बघा की, पंढरपुरात टांगे आहेत, लग्नसराईत वरातीच्या घोड्या टेम्पोत चढून या गावाहून त्या गावाला फिरत असतात, वीटभट्ट्यांवर गाढवं आहेत, आषाढीच्या आधी पालख्या जिल्ह्यात आल्या की रिंगणात अश्व धावतात आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते, दिवाळीत अकलूजला घोडेबाजार भरतो तिथं मारवाडी, काठेवाडी, पंजाबी नुकऱ्याचे सौदे लाखांत होतात. आणि मला सगळ्यात जवळची म्हणजे धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या त्यांच्या तळाबरोबर, चालणारी भीमथडीची तट्टं. बुटकी, चिवट, पाठीवर अख्खा संसार, त्यावर कोंबड्या बांधलेल्या, दमलेलं कोकरू ठेवलेलं. मराठ्यांच्या फौजा ज्या तट्टांच्या जिवावर लांबलांबच्या मजला मारायच्या ती ही, भीमेच्या काठची, आणि त्यांना स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती अगदी आत्ता आत्ता. माझ्या मते ह्याला फार उशीर झाला.

मी परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजला शिकले, १८८६ सालचं कॉलेज आहे ते. घरी म्हशी, त्यामुळं मी म्हशींचीच डॉक्टर होणार असं घरातल्यांनी धरूनच ठेवलेलं. घोडा पहिल्यांदा नीट जवळून बघितला तो मुंबईतच, रेसचा. त्याला जरा ताप आला तर संध्याकाळपर्यंत रक्ताचे रिपोर्ट हातात, नाकातून एंडोस्कोप घालून आतलं बघायचं, पायावर सूज आली की अल्ट्रासाउंड. ते बघून मी खूप शिकले, पण सुट्टीत घरी यायचे आणि वाड्याबरोबरचं तट्टू बघायचे ज्याला जन्मात कुणी थर्मामीटर लावलेला नसायचा, तेव्हा वाटायचं की हे सगळं ज्ञान इथपर्यंत कधी पोचणार आणि कोण पोचवणार.

पीजीला मेडिसिन घेतलं. घोड्याचं मेडिसिन गाई-म्हशींपेक्षा फारच वेगळं. एक साधी गोष्ट सांगते, घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणजे पोटात गॅस किंवा पाणी साठलं तर वर यायला वाटच नसते, नाकातून नळी घालून ते काढावं लागतं, नाहीतर पोट फाटतं. पोटशूळ उठलेलं जनावर रात्री लोळत असतं तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. मी त्यातच राहिले असते बहुतेक, इम्युनॉलॉजीकडे, म्हणजे शरीर रोगाशी कसं लढतं त्या शास्त्राकडे, ओढलं ते सर्रा ह्या रोगानं.

सर्रा म्हणजे रक्तात शिरणारा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडं नेतात. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खानकडं घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा बघितला. मी बघितला तो एका टांग्याच्या घोड्याच्या रक्तात. ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, आधी नुसत्या लाल पेशी दिसतात आणि मग त्यातल्या काही उगाचच धक्का बसल्यासारख्या हलायला लागतात, आणि मग त्यांच्यामधून तो वळवळत जाताना सापडतो. ताप उतरला की पुढच्या वेळी रक्तात एकही दिसत नाही, मालक खूश, आणि परत काही दिवसांनी ताप, परत रक्त भरलेलं. कारण हा परजीवी अंगावरचं प्रोटीनचं आवरण बहुरूप्यासारखं बदलतो, घोड्याच्या शरीरानं एक सोंग ओळखून अँटिबॉडी, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं, तयार केल्या की त्यातले काही दुसरं सोंग घेऊन उरलेले असतातच. त्या घोड्याचं शरीर आतल्या आत किती लढत होतं आणि आम्ही बाहेर फक्त थर्मामीटरचा आकडा बघत होतो. मला तिथून पुढं ती आतली लढाईच समजून घ्यायची होती, पीएचडीचा विषय तसाच ठरला.

आता शिंगराबद्दल, म्हणजे घोडीच्या पिल्लाबद्दल, कारण माझ्या कामात मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं असं कुणी विचारलं तर मी शिंगराचा पहिला दिवस असंच सांगेन.

माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी पोटात असतानाच वारेतून मिळतात. घोडीची वार वेगळी, आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त ह्यांच्यामध्ये पेशींचे सहा थर शाबूत राहतात आणि अँटिबॉडीसारखा मोठा रेणू त्यातून जात नाही. त्यामुळं शिंगरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हातानं. त्याला जे मिळणार ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच, कारण त्याचं आतडं सुरुवातीचे काही तास अँटिबॉडी अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात घेऊ शकतं आणि चोवीस तासांच्या आसपास ते दार बंद होतं. पहिले सहा ते बारा तास सगळ्यात चांगले. नंतर कितीही चीक पाजा, पोट भरेल, संरक्षण मिळणार नाही. आपल्याकडं चीक म्हटलं की सगळ्यांना आधी खरवस आठवतो, पण शिंगराच्या बाबतीत हा एका दिवसाचा हिशोब जगण्या-मरण्याचा आहे.

सांगोल्याकडं एका वाड्यावर पहाटे घोडी व्यालेली. मी पोचले तोवर ऊन वर आलेलं, शिंगरू चांगलं उभं राहिलेलं, आईच्या मागच्या पायांत डोकं घालून शोधत होतं आणि म्हातारे मामा त्याला बाजूला सारत होते. पहिलं दूध त्यांनी पिळून मातीत सोडलेलं. "जार पडू दे की ताई, मग पाजू. आत्ताच पाजलं तर जड पडतंय." जार म्हणजे वारच. गाई-म्हशींच्या बाबतीत पण हे घरोघरी चालतं आणि त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं, त्यांच्या वडिलांनी पण. वाद घालायला वेळ नव्हता, मी शिंगराला आईला लावलं आणि राहिलेलं पाजलं, पण जे घट्ट, पिवळट, पहिलं होतं ते मातीतच गेलेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त घेतलं. मोठ्या मशीनची गरज नसलेली एक टेस्ट आहे, सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, वेगळं करून त्यात ग्लुटारल्डिहाइड ह्या रसायनाचे थोडे थेंब टाकायचे आणि ट्यूब अधूनमधून तिरकी करून बघायची. अँटिबॉडी भरपूर असतील, म्हणजे आयजीजी ही त्यातली मुख्य अँटिबॉडी डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर, तर दहा मिनिटांत त्याची जेली होते. मामा, त्यांची सून, पोरं, सगळे त्या ट्यूबकडं बघत उकिडवे बसलेले आणि मी दर थोड्या वेळानं ती तिरकी करत होते आणि ते पाणी इकडून तिकडं वाहतच राहिलं. मामांनी काहीच विचारलं नाही, त्यांना समजलं.

मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला पातळ भाग, द्यायचा. त्याच वाड्यात एक खच्ची केलेलं, तब्येतीनं चांगलं तट्टू होतं, त्याला कधी कुणाचं रक्त दिलेलं नव्हतं, दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते आधी तपासून घेतलं आणि त्याचं रक्त पिशवीत काढलं. घोड्याच्या रक्ताची एक सोय आहे, लाल पेशी फार लवकर खाली बसतात, पिशवी बाभळीला टांगून ठेवली की वर पिवळा प्लाझ्मा वेगळा दिसायला लागतो. तो हळूहळू शिरेतून शिंगराला दिला, मध्ये मध्ये त्याचे ठोके मोजत. शिंगरू जगलं. पण माझ्यासाठी खरी कमाई म्हणजे त्यानंतर मामांनी आजूबाजूच्या वाड्यांवर जाऊन स्वतः सांगितलं, की पहिलं दूध सोडायचं नाही, जार पडो न पडो. माझ्या कुठल्याही पेपरनं एवढं काम केलेलं नाही, आणि हे मी मनापासून म्हणते.

चिकाची ताकद किती असते हे अरबी घोड्यांच्या एका आनुवंशिक आजारात फार स्पष्ट दिसतं. एससीआयडी म्हणतात त्याला, १९७३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन आलं. ह्या शिंगरांना स्वतःची बी आणि टी लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, नसतातच. तरी जन्मल्यावर ती ठणठणीत दिसतात, खेळतात, कारण आईच्या अँटिबॉडी अंगात असतात, त्या संपत आल्या की एकामागून एक इन्फेक्शन सुरू होतं आणि साधारण पाच महिन्यांच्या आत ती जातात. १९९७ मध्ये नेमका जीन सापडला, डीएनएची पाच अक्षरं गळलेली, आणि त्यावरून टेस्ट निघाली, आता कुठल्या घोडा-घोडीची जोडी लावायची नाही हे आधीच कळतं. संशोधनाचा असा थेट उपयोग बघितला की बरं वाटतं.

पण घोड्याच्या इम्युनॉलॉजीत काम करणं म्हणजे कायम साहित्याची वानवा. उंदरासाठी हवी ती मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकच गोष्ट नेमकी ओळखणारी, लॅबमध्ये वापरायची अँटिबॉडी, बाटलीत तयार मिळते, घोड्यासाठी कॅटलॉग उघडला की यादी लवकर संपते, माणसाची किंवा गाईची वापरून चालते का ते आधी तपासा, त्यातच महिने जातात. त्यात घोड्यात आयजीजीचेच सात प्रकार. घोड्याचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा डीएनए, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हापासून गोष्टी बऱ्याच सोप्या झाल्या, तो वाचला होता ट्वायलाइट नावाच्या थरोब्रेड घोडीचा, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असायची ती. तिच्या डीएनएवरून बनवलेले प्रायमर, म्हणजे हवा तो जीन शोधायला वापरतात ते डीएनएचे छोटे तुकडे, इथल्या तट्टाच्या रक्तावर चालतात तेव्हा मला अजूनही भारी वाटतं.

आता सापाचं. ऊसतोडीच्या दिवसांत सिव्हिलला घोणस चावलेला पेशंट येतो, त्याला सापाचं इंजेक्शन देतात, बऱ्याचदा सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या, आणि त्यातून तो वाचून घरी जातो. त्या कुपीत काय असतं? घोड्याच्या अँटिबॉडी. घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांचं विष अगदी कमी मात्रेत टोचत टोचत वाढवत नेतात, त्याच्या रक्तात पुरेशा अँटिबॉडी झाल्या की रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात आणि लाल पेशी बऱ्याचदा त्याच घोड्याला परत देतात. अशा औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये ०.६ मिलिग्रॅम नागाचं विष निकामी करायची ताकद असावी लागते, घोणशीचंही तेवढंच. ही सगळी वाट १८९० ला बेरिंग आणि किटासाटोनं दाखवली, धनुर्वात आणि घटसर्पाच्या विषाविरुद्ध एका प्राण्याचं सीरम दुसऱ्याला वाचवतं हे त्यांनी सिद्ध केलं, पुढं १८९४ मध्ये पॅरिसच्या एमिल रूनं घोड्यांचं सीरम वापरून घटसर्पाची लेकरं वाचवली. घोड्याचं प्रोटीन माणसाला बाधतं पण, अंगावर गांध्या, सांधेदुखी, ताप, ह्या सीरम सिकनेसचा अभ्यास १९०५ मध्ये फॉन पिर्के आणि शिक ह्यांनी केला आणि ॲलर्जीचं शास्त्र बरंचसं तिथून उभं राहिलं. म्हणून आता अँटिबॉडीची शेपटी पेप्सिननं कापून टाकतात, विषाला पकडणारा भाग तेवढा ठेवतात.

हे सगळं मी एवढं लांबण लावून का सांगते, तर ज्या धनुर्वाताचं औषध घोड्यानं जगाला दिलं त्याच धनुर्वातानं आपल्याकडच्या वरातीच्या घोड्या मरतात. घोडा हा धनुर्वाताला सगळ्यात नाजूक प्राण्यांपैकी एक. बार्शी रोडला एकांची घोडी बघायला गेले होते, लग्नसराई ऐन भरात, मालकाला वाटलेलं की नाचून नाचून अंग धरलंय. शेपूट वर ताठ, दोन्ही कान जवळ येऊन उभे, चारी पाय लाकडी घोड्यासारखे फाकलेले, आणि हनुवटीखाली हलकी टिचकी मारली की डोळ्याच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पांढरी सर्रकन पुढं यायची. ते दिसलं की दुसरं काही तपासायला लागत नाही. खूर बघितला, नाल ठोकताना एक खिळा आतल्या जिवंत भागात गेलेला आणि आता तिथं काळं पडलेलं. अंधाऱ्या गोठ्यात ठेवलं, कानात कापूस, अँटिटॉक्सिन, पेनिसिलिन, सगळं केलं. नाही वाचली. मालक म्हणाला, "मॅडम, पोरांना टीटी देतो की आम्ही, हिला पण असतंय हे कुणी बोललंच नाही." सुरुवातीला एक-दीड महिन्याच्या अंतरानं दोन डोस आणि मग वर्षाला एक, एवढंच आहे ते, घोडीच्या एका वरातीच्या कमाईपुढं काहीच नाही. ह्यात त्या माणसाचा काय दोष, सांगायचं काम आमचं आहे. मला राग येतो तो ह्याचाच, की शास्त्र १३० वर्षांपूर्वीचं आणि ते शहराबाहेरच्या रस्त्यावर अजून पोचलेलं नाही.

न सांगण्यानं अजून एक नुकसान होतं, विश्वास जातो. रक्ताची ट्यूब बाहेर काढली की बऱ्याच ठिकाणी माणसं मागं सरकतात. "बाकी काय पण करा, रक्त नको." कारण ग्लँडर्स. बर्खोल्डेरिया मॅलिआय नावाच्या जिवाणूचा रोग, नाकातून घट्ट स्राव, पायावर गाठी फुटून जखमा, आणि तो माणसालाही होतो. महाराष्ट्रात २००६ मध्ये तो परत निघाला होता. पहिला कायदा १८९९ चा होता, आता २००९ च्या कायद्याखाली येतो, आणि टेस्ट पॉझिटिव्ह पक्की झाली की त्या जनावराला दयामरण द्यावं लागतं, उपचार नाही. नमुने तपासायला हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात, १९८५ पासूनचं केंद्र आहे, घोड्यांच्या रोगांवरचं देशातलं मोठं काम तिथंच होतं. टेस्ट आता चांगल्या आहेत, रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी एलायझा आहे. पण ज्याचं घर त्या एका जनावरावर चालतं त्याला एलायझा काय सांगणार, भरपाई मिळते पण तेवढ्यात दुसरी तशी घोडी येत नाही. लोक जनावर लपवतात, रातोरात दुसऱ्या तालुक्यात नेतात, आणि रोग बरोबर जातो.

मला वाटतं ह्यावर एक उपाय आमच्या हातात आहे. निगेटिव्ह रिपोर्ट सुद्धा मालकाला कळवायचा. नमुना नेला आणि परत कुणी तोंड दाखवलं नाही असं झालं की पुढच्या वेळी ट्यूब बघून माणूस पळणारच. मी प्रत्येकाला फोन करते, "काका, तुमचा राजा एकदम ओके आहे" एवढं सांगायला सुद्धा, आणि तो माणूस पुढच्या बाजारात स्वतः दोन जणांना घेऊन येतो.

मेसेजमध्ये पोरं-पोरी विचारतात की ह्या लाइनला यायचं तर काय. नीटची परीक्षा देऊन बीव्हीएससी ही पशुवैद्यकाची पदवी, साडेपाच वर्षं, मग एमव्हीएससी, मग पीएचडी. नोकऱ्या थोड्या आहेत पण आहेत, स्टड फार्म, रेसकोर्स, लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, सीरम तयार करणाऱ्या संस्था, हिसार. पोरींना घोडं झेपतं का असं विचारतात, झेपतं, घोड्याला ताकदीनं कुणीच धरत नाही, त्याच्या खांद्याजवळ शांत उभं राहायला शिकावं लागतं. फक्त लॅबमध्ये बसायचं ठरवून येऊ नका, आणि फक्त गोठ्यात राहायचं म्हणून पण येऊ नका, ह्या विषयाला दोन्ही लागतं.

दिवाळीत मी अकलूजला बाजारात असते, ज्यांच्या घोड्या गाभण आहेत त्यांनी भेटा. घोडीचे दिवस साधारण अकरा महिने, तर दहावा संपत आला की धनुर्वाताचा बूस्टर द्यायचा म्हणजे त्या अँटिबॉडी चिकात उतरतात. जिथं व्यायची तिथंच तिला महिना-दीड महिना आधी आणून ठेवा, तिथल्या जंतूंविरुद्ध तिचं शरीर तयार होतं. व्यायल्यावर शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायलं पाहिजे, आणि तीन तासांत जार पडला पाहिजे, नाही पडला तर हातानं ओढू नका, डॉक्टरला फोन करा. आणि दुसऱ्या दिवशी शिंगराचं थोडं रक्त तपासून घ्या, ट्यूब माझ्याकडून घेऊन जा.